पुकारूनही गैरहजर

यल्लप्पांनी कमरेची चंची सोडली, तिच्यातून घडी घातलेल्या चिठ्ठ्या काढल्या आणि माझ्या टेबलावर एकेक करून मांडल्या. तेवीस होत्या. सगळ्यात नवी त्यांनी बोटानं माझ्याकडं सरकवली.

"आजच हाय ना, बाई?"

चिठ्ठीवर महेबूबचाचांच्या ठसठशीत अक्षरात तारीख होती आणि ती त्याच दिवसाची होती. चाचा दारातच उभे होते. पांढरा डगला, छातीवरून तिरपा लाल पट्टा, हातात दिवसाची यादी. वरिष्ठ दिवाणी कोर्टाचे ते शिपाई. दावा निघाला की दाराबाहेर येऊन पक्षकारांची नावं पुकारायचं काम त्यांचं. यादी दोनदा वाचूनही ह्या म्हाताऱ्याचा दावा सापडत नाही, म्हणून त्यांनी त्याला रेकॉर्डरूममध्ये माझ्याकडं आणलं होतं.

मी नाव विचारलं.

"माझं यल्लप्पा धोत्रे. पण आधी हनमंताचा पुकारा होतो. हनमंता यल्लप्पा धोत्रे, राहणार सावरदरी."

सावरदरी ऐकल्यावर मला रजिस्टर उघडावं लागलं नाही. त्या गावाची फाईल मी स्वतःच्या हातानं हिरव्या फितीनं बांधली होती. हिरवी फीत म्हणजे हिवरगड.

ह्याला आता एकोणीस वर्षं झाली. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते, पुढं शिकायला घरून नाही म्हटलं होतं आणि कनिष्ठ लिपिकाची परीक्षा पास होऊन चांदसूरच्या जिल्हा न्यायालयात लागले होते. माझं गाव तिथून एका रात्रीच्या प्रवासावर. चांदसूरमध्ये मी कुणाला ओळखत नव्हते. ऑफिसातल्या बायका दुपारी गोल करून डबे सोडायच्या. मला कुणी नको म्हटलं नव्हतं, पण कुणी बोलावलंही नव्हतं, आणि पहिल्या आठवड्यात जे जमलं नाही ते नंतर जमणं अवघड झालं. मी बस्ते ठेवायच्या लाकडी घोडीवर बसून जेवायची. बस्ते म्हणजे कापडात बांधलेल्या जुन्या फायली. त्यांच्यासमोर जेवताना काही बोलावं लागत नाही.

त्या वर्षी जिल्ह्याचे दोन तुकडे झाले. सात तालुक्यांपैकी चार चांदसूरकडं राहिले, तीन नव्या हिवरगड जिल्ह्याला गेले. जिल्हा वेगळा झाला की कोर्टही वेगळं होतं, आणि कोर्ट वेगळं होतं म्हणजे फायली वेगळ्या होतात. अकरा हजार चारशे बारा फायली. त्या वेगळ्या करायचं काम अधीक्षक कुलथे साहेबांनी माझ्यावर टाकलं. राहणाऱ्या फायलींना लाल फीत, जाणाऱ्यांना हिरवी. शिवाय नव्या कोर्टाच्या उद्घाटनाला एक पुस्तिका काढायची होती, तिच्यासाठी न्यायालयाचा इतिहास लिहायला सांगितलं. सायन्सची मुलगी आहे, चुका करणार नाही, असं ते म्हणाले होते.

मी चुका केल्या नाहीत. निजामाच्या काळात इथं एकच मुन्सफ बसायचे आणि दावे उर्दूत चालायचे. मग ही काळ्या दगडाची इमारत झाली, मग जिल्हा न्यायाधीश आले, मग एकामागून एक तालुक्यांना कोर्टं फुटत गेली. हे सगळं मी जुन्या रजिस्टरांतून तारखेवार काढलं. नव्या इमारतीचं माहितीपत्रक मागवून शेवटचं पान लिहिलं. त्यात एक वाक्य होतं, ते मला चांगलं जमलंय असं वाटलं होतं : 'पक्षकारांच्या सोयीसाठी नव्या न्यायालयात अद्ययावत अंकफलक बसवण्यात आले असून, पुकाऱ्याची जुनी पद्धत आता इतिहासजमा झाली आहे.'

संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर भाड्याच्या खोलीवर लवकर जायला नको वाटायचं. मग मी व्हरांड्यात थांबून काहीबाही मोजायची. कॉलेजात माझा प्रकल्प ध्वनीवर होता. त्या व्हरांड्याच्या एका टोकाला कोर्टाचं दार आणि दुसऱ्या टोकाला कोषागाराची आडवी भिंत होती. दारात टाळी वाजवली की भिंतीवरून तिचा आवाज परत यायला शून्य पूर्णांक चार सेकंद लागत. म्हणजे भिंत अडुसष्ट मीटरवर. पावलांनी मोजलं तर शहाण्णव भरले. चाचा पुकारा करत, तेव्हा त्यांचा आवाज भिंतीपर्यंत जाऊन परत येई आणि मगच ते पुढची हाक देत. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. तीन हाका, मध्ये दोन परतलेले आवाज, आणि शेवटचा एक, ज्याच्यानंतर सगळे गप्प होत.

ह्या व्हरांड्यात तिसऱ्या खांबापाशी एक म्हातारा बसतो, हे मी वर्षभर पाहत होते. बाक रिकामे असले तरी तो खांबाला टेकून खाली बसायचा. दुसरीकडं, सावरदरीच्या फाईलमधला प्रतिवादी क्रमांक दोन मला पाठ होता. पण हा तो आहे, हे माझ्या डोक्यात कधी जुळलं नव्हतं.

फाईल साधी होती. अंबिका हनमंता धोत्रे हिनं दावा लावला होता. नवरा बोअरवेलच्या गाडीबरोबर मजुरीला दक्षिणेत गेला, त्याला नऊ वर्षं झाली. पत्र नाही, निरोप नाही, पाहिलेला माणूस नाही. सात वर्षं ज्याची काही खबर नसते त्याला मेलेला समजता येतं, असा कायदा आहे. कोर्टानं तसं जाहीर करावं, एवढीच तिची मागणी होती. तिच्या वकिलांनी प्रतिवादी क्रमांक एक म्हणून खुद्द हनमंतालाच घातलं होतं. तो जिवंत नाही असं ठरवण्यासाठी त्यालाच हजर राहायला सांगितलं होतं. मला ते वाचून हसू आल्याचं आठवतं. प्रतिवादी क्रमांक दोन त्याचा बाप. रोजनामा म्हणजे त्या त्या तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद, आणि त्यात बावीस तारखांना बावीस वेळा हेच लिहिलेलं होतं : 'प्रतिवादी क्र. १ पुकारूनही गैरहजर. प्रतिवादी क्र. २ हजर. म्हणणे नाही.'

फायली हलवताना तारखा बदलायच्या नाहीत, फक्त जागा बदलायची, असं ठरलं होतं. ज्यांना वकील होते त्यांच्या वकिलांनी यादीवर सह्या केल्या. ज्यांना नव्हते त्यांच्या पत्त्यावर बेलिफामार्फत नोटीस पाठवली. यल्लप्पांची नोटीस 'घर बंद' असा शेरा घेऊन परत आली. मी ती फाईलला लावली, पान क्रमांक घातला आणि हिरव्या फितीला गाठ मारली.

आता ते समोर उभे होते आणि हिवरगड अडीच तासांवर होतं.

मी कुलथे साहेबांकडं गेले. त्यांनी मान वर न करता विचारलं, "नोटीस गेली होती ना?"

"गेली होती. परत आली."

"शेरा लावलाय?"

"लावलाय."

"मग आपलं काम झालं, सबनीस."

तिथं फोन करून कळवता येईल का, असं मी विचारलं. तिथं फोन अजून जोडायचा होता. खुर्च्याच परवा गेल्या होत्या. मी तरीही उभी राहिले. तो माणूस एका वर्षात एकही तारीख चुकला नाही, आज तो पोचला नाही तर त्याच्यामागं त्याच्या मुलाला मेलेला ठरवतील, एवढं मी बोलले. साहेबांनी चष्मा काढला. मग म्हणाले, अर्ध्या दिवसाची रजा मांडा, आणि तिथं जाऊन चांदसूर कोर्टाचं नाव काढू नका.

अकराच्या गाडीत आम्हाला मागची जागा मिळाली. काय झालंय ते मी यल्लप्पांना सांगितलं. कोर्ट वेगळं झालं, आता त्यांचं काम हिवरगडला चालणार.

"कोर्ट बी हलतं व्हय?"

"कोर्ट नाही हललं, बाबा. तुमचा तालुका तिकडं गेला."

"तालुका कुठं गेला? सकाळी मी निघालो तवा तिथंच होता."

पुढच्या सीटवरचा माणूस हसला. यल्लप्पाही हसले. मग त्यांनी डबा काढला, अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्या रुमालावर ठेवला. मी नको म्हणेपर्यंत त्यांनी स्वतःची भाकरी मोडलीही होती. कितीतरी महिन्यांनी मी कुणाबरोबर जेवत होते.

त्यांच्या उजव्या हाताला अंगठा आणि दोनच बोटं होती. मनगटापासून कोपरापर्यंत कातडीखाली काळे ठिपके होते, जसे कुणी मोहरी पेरावी. मी पाहतेय हे बघून त्यांनी बाही वर केली. सुरुंगाचे, म्हणाले. जन्म विहिरी खोदण्यात गेला. वडाराचं पोर, दुसरं काय करणार. सत्तर सत्तर हात खोल विहिरी त्यांनी मारल्या होत्या, आणि वरच्या काठावरून खालच्या माणसाचा श्वास कळायचा म्हणाले.

सुरुंग लावायची पद्धत त्यांनी मला नीट सांगितली. मी विचारत गेले, ते सांगत गेले. खडकाला भोकं पाडायची, दारू ठासायची, वात काढायची. सगळे वर येऊन लांब दगडांच्या आड बसायचे. वात पेटवण्याआधी टोळीचा नाईक काठावर उभा राहून एकेकाचं नाव घ्यायचा. ज्याचं नाव त्यानं आडोशातून ओ द्यायची. ओ आली नाही तर पुन्हा हाक. तीन वेळा.

"आणि तीन वेळा हाक मारून ओ नाही आली तर?"

"तर वात पेटवायची न्हाई."

एकदा मल्लेश नावाच्या माणसाची ओ आली नव्हती. तो घरी गेला असेल, पेटवा, असं सगळे म्हणत होते. ऊन चढत होतं, विहिरीचा मालक शिव्या घालत होता. यल्लप्पा नाईक होते. ते काडी हातात धरून दीड तास बसून राहिले. मग ओढ्याच्या बाजूनं मल्लेश रिकामं टमरेल घेऊन सावकाश चालत आला. पोट बिघडलं होतं त्याचं.

"लोक हसले. मी बी हसलो," यल्लप्पा म्हणाले. "पण मी वात लावली नव्हती."

मी त्यांना विचारलं, की साहेबांसमोर गेल्यावर ते काय सांगणार आहेत. बावीस वेळा 'म्हणणे नाही' लिहिलं गेलंय, आज तरी सांगायला हवं, की मुलगा जिवंत असेल असं तुम्हाला वाटतं. ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून मी पुन्हा विचारणार होते.

"मला काय म्हणायचं न्हाई, बाई. अंबिकाचं पुढं व्हावं. ती तिकडं भावाजवळ राहती, शाळेत सैपाक करती. एक माणूस पुसतोय तिला, चांगला हाय. लग्नानंतर आठ महिनेच नांदली बिचारी. कागुद व्हायला पायजे तिचा."

"मग तुम्ही प्रत्येक तारखेला येता कशाला?"

"हजर नको का राहायला?"

जरा वेळानं ते आपण होऊन म्हणाले, की त्या तिसऱ्या खांबापाशी बसलं की पुकारा दोनदा ऐकू येतो. एकदा चाचा हाक मारतो आणि एकदा तिकडं भिंतीकडून कुणीतरी.

मी शहाण्णव पावलं आणि शून्य पूर्णांक चार सेकंद ह्यांबद्दल सांगायला तोंड उघडलं होतं. पण सांगितलं नाही.

हिवरगडला आम्ही दीड वाजता पोचलो. नवी इमारत गावाबाहेर माळावर होती, अजून चुन्याचा वास येत होता. आत गुळगुळीत फरशी, खाली आणलेलं पांढरं छत, ओळीनं प्लॅस्टिकच्या खुर्च्या. अशा ठिकाणी आवाज उमटतो आणि तिथंच विरतो. प्रत्येक दारावर एक काळी पट्टी होती आणि तिच्यावर लाल दिव्यांचा आकडा. मी पाहत होते तेवढ्यात एकतीसचे बत्तीस झाले. कुणी काही बोललं नाही. खुर्चीवरचा एक माणूस उठला आणि आत गेला. दाराशी शिपाई स्टुलावर बसून पेपर वाचत होता.

तेव्हा मला माझं वाक्य आठवलं. ते मीच लिहिलं होतं, आठ दिवसांपूर्वी, आणि तरी अडीच तास मी ह्या माणसाला पुकाऱ्यासाठी घेऊन आले होते.

यल्लप्पांना खांब सापडला नाही. ते दाराजवळच्या भिंतीला टेकून खाली बसले. शिपायानं खुर्चीवर बसायला सांगितलं, तर ते इथं बरं हाय म्हणाले. आधी हनमंताचा पुकारा होईल, मग माझा, त्यांनी मला पुन्हा समजावलं. माझा न्हाई झाला तरी चालंल.

मी आत जाऊन न्यायाधीशांसमोरच्या टेबलावर बसणाऱ्या कारकुनाला गाठलं. देशमाने नावाचा माझ्याच वयाचा मुलगा होता. मी नंबर सांगितल्यावर त्यानं ढिगातून फाईल काढली. माझी हिरवी फीत सुटलेली होती.

"सतरा नंबर. हे सकाळीच झालं, अकरा-वीसला."

त्यानं रोजनामा माझ्यापुढं धरला. तेविसाव्या तारखेची नोंद निळ्या शाईत होती : 'वादी हजर. प्रतिवादी क्र. १ व २ पुकारूनही गैरहजर. वादीचा पुरावा घेतला. दावा मंजूर.'

मी विचारलं, पुकारलं होतं का.

"इथं कोण पुकारणार? बोर्ड आहे ना."

"मग हे पुकारूनही?"

"तसं लिहायचं असतं. तुमच्याकडं नाही लिहीत?"

आमच्याकडंही तसंच लिहीत. तो वाईट मुलगा नव्हता. प्रतिवादी बाहेर बसलाय हे सांगितल्यावर तो उठून उभाच राहिला. तीस दिवसांत अर्ज करा म्हणाला, नोटीस मिळाली नव्हती हे फाईलवरच दिसतंय, साहेब निकाल बाजूला ठेवतील, दावा पुन्हा बोर्डावर येईल. पुकारायचं असेल तर अर्जातच तसं लिहा, साहेब ऐकतील, हेही तो म्हणाला.

बाहेर येताना पॅसेजमध्ये एक बाई मला अडवून उभी राहिली. तीस-बत्तीसची, हिरव्या काठाची, लुगड्यासारखी नेसलेली साडी, कपाळावर कुंकू होतंच. ती अंबिका होती, निकालाच्या नकलेसाठी थांबलेली. तिनं मला यल्लप्पांबरोबर येताना पाहिलं होतं.

"ताई, मामांना सांगितलं का?"

"नाही अजून."

"मी सकाळपासून त्यांची वाट बघत होते. ते कधी चुकत नाहीत. वकिलांना म्हटलं, जरा थांबा. वकील म्हणाले, नंबर लागला की लागला." ती दाराकडं पाहत होती, तिथून यल्लप्पांचे पायच तेवढे दिसत होते. "सतरा आला आणि गेला. मला वाटलं, आता ह्यांचं नाव घेतील. ह्यांचं नाव ह्या नऊ वर्षांत मोठ्यानं कोण घेतंय? मी तर घेत नाही. तुम्हीच सांगा मामांना. मला नाही जमायचं."

ती मागं वळली आणि नकलेच्या खिडकीशी रांगेत जाऊन उभी राहिली.

पॅसेज वीसेक पावलांचा होता. तेवढ्यात मला सगळं कळलं होतं. हे मी नंतर विचार करून लिहीत नाही, तेव्हाच कळलं होतं. तो माणूस वर्षभर कशासाठी येत होता, चाचांच्या हाकेनंतर भिंतीकडून येणाऱ्या आवाजाकडं कान का लावत होता, आणि हातातली काडी अजून त्यानं का पेटवली नव्हती. आणि हेही कळलं होतं की पुकारा मीच करू शकते. दार तिथंच होतं. तीन शब्दांचं नाव होतं. ते तीनदा घ्यायला अर्धा मिनिटही लागला नसता. बाहेर खुर्च्यांवर चाळीस-पन्नास माणसं बसली होती, काळे कोट घातलेले वकील होते, स्टुलावरचा शिपाई होता. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं असतं. मी दोन वर्षांत चांदसूरच्या ऑफिसात कुणाला मोठ्यानं हाक मारली नव्हती. पाणी हवं असलं तरी उठून जायची.

यल्लप्पांनी मान वर केली.

"झाला," मी म्हणाले. "पुकारा झाला, बाबा."

"कवा?"

"आत्ताच."

"मी हितंच हाय की."

"गडबड होती दाराशी."

ते माझ्या तोंडाकडं पाहत राहिले. "हनमंताचा?"

"हो. आधी त्याचाच."

"तीनदा?"

"तीनदा. रोजनाम्यात लिहिलंय तसं."

"कुणी ओ दिली न्हाई?"

"नाही."

त्यांनी डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. दोन्ही हातांनी कान चोळले, आधी डावा, मग उजवा.

"मग माझे कान गेले, बाई."

मी घाईघाईनं अर्जाबद्दल सांगितलं. तीस दिवस आहेत, दावा पुन्हा उघडता येतो, मी लिहून देते, पैसे लागणार नाहीत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मुंडासं परत बांधायला घेतलं.

"पुकारा झाला ना? मग कशाला? पोरीचं कशाला अडवायचं?"

अंबिका रांग सोडून आली होती. ती वाकली, त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी तिच्या डोक्यावर तो तीन बोटांचा हात ठेवला आणि डब्यातली उरलेली भाकरी तिला दिली. मी तिच्याकडं पाहिलं नाही, तिनंही माझ्याकडं पाहिलं नाही.

एसटी स्टँडवर आम्ही एका बाकावर बसलो. सावरदरीची गाडी आणि माझी चांदसूरची गाडी वेगवेगळ्या होत्या. स्टँड जुना होता, पत्र्याचा, लोकांनी भरलेला. एका बाजूला दोन गाड्यांची इंजिनं चालू होती, उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाची घुंगरं वाजत होती. चौकशीच्या खिडकीवरचा कर्णा मधूनमधून खरखरायचा. माझे कान तेव्हा चांगले होते. कॉलेजात आम्ही ते तपासले होते. तरी त्या खरखरीतून मला एक शब्द लागत नव्हता.

यल्लप्पा कर्ण्याकडं पाठ करून बसले होते. तंबाखू मळता मळता त्यांचा हात थांबला. त्यांनी पिशवी उचलली.

"लागली," ते म्हणाले. "आठ नंबरला. वाघोलीमार्गे हाय, म्हंजी नाल्यापाशी उतरावं लागंल."

मी मान वळवून पाहिलं. आठ नंबरच्या फलाटावर गाडी मागं येत होती. कंडक्टर पाटी बदलत होता. वर 'वाघोलीमार्गे' लिहिलेलं होतं.

मी त्यांच्याकडं पाहिलं नाही. पण ते माझ्याकडं पाहतायत हे कळत होतं. मग मी उठले आणि त्यांच्याबरोबर फलाटापर्यंत चालत गेले. पिशवी हलकी होती तरी मी घेतली आणि त्यांनी ती घेऊ दिली. पायरीवर एक पाय ठेवून ते थांबले. मागून लोक ढकलत होते. चंचीतल्या चिठ्ठ्या त्यांनी काढल्या, तेवीसच्या तेवीस, आणि माझ्या हातात दिल्या. ह्या आता तुमच्या कपाटात राहू द्या, म्हणाले.

"बाबा," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या, बाई. तुम्ही येवढ्या लांब आलात." ते पायरीवर वळले. आवाज चढवायची त्यांना गरज पडली नाही, इंजिनाच्या वरूनही तो नीट ऐकू आला. "पुकारा मला नसंल ऐकू आला. पण त्यानं ओ दिली असती ना, तर ती आली असती."

कंडक्टरनं घंटी ओढली.

अर्ज करायला तीस दिवस होते. सावरदरीला रोज दोन गाड्या जात, एक सकाळी, एक तिसऱ्या प्रहरी. मी ते दिवस मोजले, एवढंच.